बदललेला बँड आणि रुसलेले रसिक

गेल्या महिन्यात पदव्युत्तर वर्गाची तासिका संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. चेहरा असा, की घरी काही बरेवाईट घडले असावे. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "सर, आमचा बँड गेला." क्षणभर वाटले, कुणी दगावले. तसे काही नव्हते. ज्या अमेरिकन बँडची विजेच्या गिटारीवरील कडकडाटी गाणी हा अकरावीपासून ऐकत आला होता, त्या बँडने नव्या ध्वनिमुद्रणात बॅन्जो आणि फिडल हाती घेतले होते व शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रामीण चालींच्या वळणाने गाणी रचली होती. "गावठी झाले हो ते, सर," असे तो अगदी दुखावलेल्या स्वरात म्हणाला. वर "आम्हीच त्यांना मोठे केले," अशी पुस्तीही त्याने जोडली. मला हसू येत होते; ते दिसू नये म्हणून मी हाताचा खडू झटकीत राहिलो.

घरी आल्यावर मात्र त्याचे ते शेवटचे वाक्य मनातून जाईना. 'आम्ही मोठे केले' हा दावा भावनेचा असला तरी त्याच्या पोटात मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीच्या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या शिक्षकास पाठ फिरविता येत नाही. गाणे कोणाचे? गाणाराचे, कंपनीचे, की ज्याने ते वर्षानुवर्षे पैसे आणि वेळ मोजून ऐकले त्याचे? गाणाराने वाट बदलली तर ऐकणाराचे काही बुडते काय? आणि बुडत असेल, तर त्याने काय करावे?

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करावयास हवा. 'इंडी' हा 'इंडिपेंडंट' या शब्दाचा लाडका संक्षेप. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयास न जाता लहान व स्वतंत्र कंपन्यांमार्फत आपली गाणी काढणारे जे बँड, ते इंडी. पुढे या शब्दास एका विशिष्ट वळणाच्या संगीताचा अर्थ चिकटला व मोठ्या कंपनीशी करार केलेल्यांनाही तो लावला जाऊ लागला, ही गोष्ट वेगळी. 'अमेरिकाना' म्हणजे कंट्री, लोकगीत, ब्लूज, गॉस्पेल, ब्लूग्रास या अमेरिकेच्या जुन्या प्रवाहांतून आजचे गायक जे रचतात ते. शब्द जुना, पण संगीताचा स्वतंत्र कप्पा म्हणून तो अलीकडचा: 1995 साली त्याची नभोवाणी-क्रमवारी निघू लागली, 1999 साली त्याची व्यावसायिक संघटना स्थापन झाली आणि 2010 साली ग्रॅमी पुरस्कारांत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

इंडी बँडचा रसिकवर्ग लहान असतो, आणि लहान असतो म्हणूनच तो कडवा असतो. लाखोंच्या सभेत बसलेल्या श्रोत्यास आपण गेलो काय नि राहिलो काय, याचे काही वाटत नाही. परंतु एखाद्या दिवाणखान्याएवढ्या जागेत चाळीस जणांसमोर ज्याने बँड ऐकला, त्यांच्याच हातून ज्याने तबकडी विकत घेतली, त्याला आपण भागधारक झाल्यासारखे वाटते. लाभांश म्हणून त्याला मिळते ती एकच गोष्ट, 'मी यांना आधीपासून ओळखत होतो' हे सांगण्याचा अधिकार. बँडने वेश बदलला की नेमका हा लाभांश बंद पडतो.

या विषयावर विचार करताना माझ्यापुढे सतत उभा राहतो तो इलिनॉय राज्यातील बेलव्हिल या गावाचा 'अंकल टुपेलो' हा बँड. सेंट लुइस शहराच्या पलीकडच्या काठाचे हे गाव; आसपास कोळशाच्या खाणी, गावात मद्याचे कारखाने. 1987 साली जे फरार, जेफ ट्वीडी व माइक हायडॉर्न या तीन तरुणांनी हा बँड काढला. ट्वीडीचे वडील रेल्वेत नोकरीस होते. या मुलांचे शिक्षण पंक रॉकच्या शाळेत झालेले: वेगवान, मोठ्या आवाजाचे, मध्येच थांबून पुन्हा उसळणारे संगीत. 1990 साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका एका लहान कंपनीने काढली. तिचे नाव 'नो डिप्रेशन'. हे नाव घेतले होते कार्टर कुटुंबाने 1936 साली, म्हणजे महामंदीच्या काळात, ध्वनिमुद्रित केलेल्या एका भक्तिगीतावरून. पंकच्या धुमाकुळात मध्येच हे जुने गाणे येत होते. पुढे 1995 साली याच नावाचे एक नियतकालिक निघाले व या साऱ्या प्रवाहाचे जणू मुखपत्र बनले.

परंतु खरे धाडस पुढचे आहे. सप्टेंबर 1991 मध्ये निर्वाना या बँडची 'नेव्हरमाइंड' ही ध्वनिमुद्रिका आली आणि जानेवारी 1992 मध्ये तिने मायकल जॅक्सनला मागे टाकून अमेरिकेत पहिले स्थान पटकावले. मोठ्या कंपन्यांचे दलाल तेव्हा गावोगावी कर्कश गिटार वाजविणारी मुले शोधीत हिंडत होते. बाजाराची मागणी यापेक्षा स्पष्ट कधी असू शकत नाही. अशा वेळी, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, अंकल टुपेलोची मंडळी जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे गेली आणि आर. ई. एम. या बँडचा गिटारवादक पीटर बक याच्या देखरेखीखाली त्यांनी पाच दिवसांत एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका तयार केली, तीही जवळजवळ सर्व बिनविजेच्या वाद्यांवर. खाणकामगारांचे गाणे, पापपुण्याची जुनी गीते, खुनाची कथागीते आणि त्यांच्याच सुरात सूर मिसळणाऱ्या स्वतःच्या रचना. नाव ठेवले ते केवळ तारखांचे, 'मार्च 16–20, 1992'. हिशेबाच्या वहीत नोंद करावी तसे.

रसिकांचा एक ठराविक आरोप असतो: 'विकले गेले.' हा आरोप या प्रकरणात टिकत नाही. जो विक्रेता गहू महागला असताना कोठारातील गहू बाजूला सारून नाचणी मांडतो, त्याला लोभी म्हणता येणार नाही. फार तर वेडा म्हणता येईल. पण हा बचाव सरसकट सर्वांना लागू करावयास मी तयार नाही. 2013 च्या फेब्रुवारीत मम्फर्ड अँड सन्स या लंडनच्या बँडला बॅन्जोच्या झणत्कारासह वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला, त्यानंतर ज्यांना अचानक आपल्या मातीची आठवण झाली त्यांच्याविषयी रसिकाने शंका घेतली तर ती गैर नव्हे. गमतीची गोष्ट अशी की, मम्फर्ड मंडळींनीच 2015 साली बॅन्जो पेटीत घालून विजेच्या गिटारी उचलल्या, आणि 'आमचा बँड बिघडला' हीच ओरड उलट्या दिशेने ऐकू आली. आरोप करणाऱ्याने म्हणून तारीख पाहावी. बाजार चढता असताना केलेला बदल आणि बाजाराच्या तोंडावर केलेला बदल यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल.

मग माझ्या विद्यार्थ्याचे दुःख खोटे ठरते काय? मुळीच नाही. जॉर्ज स्टिग्लर व गॅरी बेकर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1977 साली आवडीनिवडीविषयी एक गाजलेला निबंध लिहिला. त्यात संगीताचे उदाहरण आहे. माणूस जितके संगीत ऐकतो तितकी ते ऐकण्याची त्याची क्षमता वाढते. आज ऐकलेल्या तासाचे फळ उद्याच्या तासात मिळते. म्हणजे ऐकणे हा केवळ उपभोग नसून एक प्रकारची भांडवल-उभारणी आहे. हा विचार पुढे नेला तर असे दिसते की, सात वर्षे एका विशिष्ट आवाजावर कान घडविलेल्या रसिकाने आपल्या जवळ एक विशिष्ट भांडवल साठविलेले असते, आणि ते फारसे दुसरीकडे वापरता येत नाही. कापडाच्या गिरणीतला माग साखर कारखान्यात चालत नाही. बँडने वाद्ये बदलली की या भांडवलाचे एका रात्रीत अवमूल्यन होते. रसिकाचे नुकसान खरे असते, फक्त ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. त्याला 'तू भावुक आहेस' असे म्हणून वाटेस लावणे हे निदान अर्थशास्त्राच्या माणसास शोभणारे नाही.

तरीही नुकसान झाले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. येथेच या कथेतील मला सर्वांत मोठा वाटणारा विरोधाभास आहे. रसिक जेव्हा 'बँड आमचा' असे म्हणत असतो, नेमक्या त्याच वेळी बँड अशा गाण्यांकडे निघालेला असतो की जी कुणा एकाची कधीच नव्हती. लोकगीत हे गावच्या गायरानासारखे. कुणीही गुरे सोडावीत, कुणीही गवत कापावे. पाचर मारून 'माझे' म्हणण्याची सोय नाही. अर्थात गायराने बळकावली जातात, तशी गाणीही बळकावली गेली. वर ज्यांचा उल्लेख आला त्या कार्टर कुटुंबाचीच कथा पाहा. 1927 च्या ऑगस्टमध्ये टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी राल्फ पीअर नावाचा व्हिक्टर कंपनीचा माणूस ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आला आणि या डोंगरी कुटुंबाची गाणी त्याने टिपली. पीअरची मिळकत प्रकाशनहक्कांतून होत असे. तेव्हा ज्याच्यावर हक्क नोंदविता येईल अशा गाण्याची त्याला गरज होती. ए. पी. कार्टर मग डोंगर-दऱ्यांतून गाणी गोळा करीत हिंडू लागला, आणि त्याच्यासोबत हिंडत होता लेझ्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक. रिडलचा एक पाय अपघातात गेलेला. कार्टरने शब्द उतरवून घ्यावेत आणि रिडलने चाल ध्यानात ठेवावी, असा कामाचा वाटा. गाणी नोंदली गेली कार्टरच्या नावे. रिडलचे नाव पुढे कित्येक वर्षे संगीताच्या अभ्यासकांनाही ठाऊक नव्हते.

बॅन्जो हे वाद्यच मुळी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी अमेरिकेत आणलेल्या परंपरेतून घडले. कालांतराने ते गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचे चिन्ह होऊन बसले. 2005 साली स्थापन झालेल्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या कृष्णवर्णीय वादकांच्या संचाने जुन्या वळणाचा बॅन्जो व फिडल वाजवून या विस्मरणास उत्तर दिले, व 2011 साली त्यांना लोकसंगीताचा ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. तेव्हा एखादा इंडी बँड 'आम्ही मुळांकडे परतलो' असे सांगतो, तेव्हा 'कुणाच्या मुळांकडे?' हा प्रश्न रसिकाने अवश्य विचारावा. 'आम्हाला का सोडले' या तक्रारीपेक्षा हा प्रश्न पुष्कळ मोलाचा आहे, आणि दुर्दैवाने तो फार थोडे रसिक विचारतात.

अंकल टुपेलोची पुढील हकीकत थोडक्यात अशी. 1993 साली त्यांनी मोठ्या कंपनीसाठी 'अ‍ॅनोडाइन' ही ध्वनिमुद्रिका केली आणि 1 मे 1994 रोजी सेंट लुइस येथे शेवटचा कार्यक्रम करून बँड फुटला. फरारने 'सन व्होल्ट' काढला, ट्वीडीने 'विल्को'. विल्कोने 1996 साली 'बीइंग देअर' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा ती एका तबकडीच्या किमतीत विकता यावी म्हणून आपल्या स्वामित्वधनावर पाणी सोडले होते. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगतो. उत्पादकाने ग्राहकाची निष्ठा कशी कमवावी याचे याहून चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही. 1998 साली वुडी गथ्रीच्या कन्येने आपल्या दिवंगत पित्याची चाल न लागलेली गीते इंग्लंडचा बिली ब्रॅग आणि विल्को यांच्या हाती दिली, आणि त्यांनी ती स्वरबद्ध केली. लोकसंगीताच्या वारशाचे एवढे उघड हस्तांतरण क्वचितच होते.

यानंतर विल्कोचे अमेरिकाना-प्रेमी चाहते निर्धास्त झाले असतील, तर ते चुकले. 1999 च्या 'समरटीथ'मध्ये कळफलकाच्या वाद्यांचे थर आले, आणि 'यँकी होटेल फॉक्सट्रॉट'मध्ये तर नभोवाणीची खरखर, विस्कटलेले ताल, मध्येच कोसळणाऱ्या ध्वनींच्या भिंती. ज्यांनी त्यांना कंट्रीचे नवे वारसदार ठरविले होते त्यांना हे परके वाटले, आणि विशेष म्हणजे कंपनीलाही परके वाटले. रिप्राइज कंपनीने 2001 साली ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करण्यास नकार दिला. बँडने आपले ध्वनिमुद्रण सोडवून घेतले व सप्टेंबर 2001 मध्ये ते आपल्या संकेतस्थळावर सर्वांना फुकट ऐकविले. अखेर एप्रिल 2002 मध्ये नॉनसच कंपनीने ते प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या क्रमवारीत ते तेराव्या स्थानी पोचले. मौज ही की रिप्राइज आणि नॉनसच या दोन्ही कंपन्या एकाच उद्योगसमूहाच्या. एकाच घरातील उजव्या हाताने फेकलेला माल डाव्या हाताने पैसे देऊन परत घेतला. पुढे 2007 साली 'स्काय ब्लू स्काय' या ध्वनिमुद्रिकेत विल्को पुन्हा साध्या, मवाळ सुरांकडे वळले, तेव्हा 'हे तर बापमाणसांचे रॉक' असा शेरा समीक्षेत उमटला आणि तो बँडला कायमचा चिकटला. बापमाणूस असणे हा संगीतातील दोष कधीपासून झाला, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. कदाचित मी स्वतः चाळिशी ओलांडल्यामुळे असेल.

आता रसिकाने काय करावे, या प्रश्नाकडे येतो. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक छोटेखानी पुस्तक लिहिले. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला असे वाटले की माणसापुढे दोन मार्ग असतात, एक निघून जाण्याचा व दुसरा आवाज उठविण्याचा. आणि या दोहोंपैकी तो काय निवडील हे त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते, असे त्याचे प्रतिपादन. हा विचार त्याला सुचला नायजेरियाच्या रेल्वेकडे पाहताना. तेथे शेकडो मैलांवरून भुईमूग बंदराकडे जाई, आणि एवढ्या लांबच्या वाहतुकीतही मालमोटारी रेल्वेवर मात करीत. स्पर्धेने रेल्वे सुधारावयास हवी होती. ती सुधारली नाही. का? तर जे ग्राहक सर्वांत जागरूक, जे तक्रार करून अधिकाऱ्यांस भंडावून सोडते, तेच प्रथम मालमोटारीकडे निघून गेले. मागे राहिले ते मुकाट सोसणारे. निघून जाण्याची वाट सोपी झाली म्हणून आवाज मेला.

संगीतात हेच घडते, अशी माझी धारणा आहे. म्हणून कुरकुर करणाऱ्या रसिकाकडे मी आदराने पाहतो. 1966 च्या मे महिन्यात मँचेस्टरच्या सभागृहात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला असता कुणीतरी 'जुडास' अशी हाक मारली. दिशा उलटी, लोकगीताकडून रॉककडे; पण वेदना तीच. ती हाक मारणारा संगीताच्या दृष्टीने चुकला असे आज बहुतेक सारे मानतात. मीही मानतो. परंतु तो तिकीट काढून आला होता आणि ओरडण्याइतकी त्याला पर्वा होती, हे विसरून चालणार नाही. जो मुकाट्याने घरी बसला त्याच्याकडून डिलनला काहीच कळले नसते.

बर्ड्स या बँडची गोष्ट याहून कठोर आहे. 1965 साली ज्यांची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली होती, त्या लॉस एंजेलिसच्या केसाळ तरुणांनी ग्रॅम पार्सन्सच्या आग्रहाने 1968 साली कंट्रीचा मार्ग धरला. मार्चमध्ये ते नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात, 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या देव्हाऱ्यात उभे राहिले. तेथील श्रोत्यांनी त्यांचे स्वागत केले ते नाराजीने. हे शहरी हिप्पी आपल्या गाण्यांची थट्टा करावयास आले आहेत, अशी त्यांची समजूत. ऑगस्टमध्ये 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही ध्वनिमुद्रिका आली तेव्हा रॉकच्या चाहत्यांनीही पाठ फिरविली. क्रमवारीत ती सत्त्याहत्तराव्या स्थानापुढे सरकली नाही. जुने घर सुटले, नव्या घरी दार बंद. आज हीच ध्वनिमुद्रिका कंट्री-रॉकचा पाया मानली जाते. या पन्नास-पंचावन्न वर्षांत ती जगली कशी? माझे उत्तर साधे आहे. ज्या थोड्या लोकांनी ती विकत घेतली होती त्यांच्या घरी ती कपाटात पडून होती.

हा मुद्दा अधिक स्पष्ट करावयास हवा. माझ्या विद्यार्थिदशेत, गेल्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजी गाण्यांची कॅसेट घ्यावयाची म्हणजे महिनाभर संध्याकाळचा चहा सोडावा लागे. अशा रीतीने आणलेली आर. ई. एम.ची एक कॅसेट मला पहिल्या दिवशी मुळीच आवडली नव्हती. कडक गिटारीच्या आशेने आणली, आणि निघाले मॅन्डोलिन. पण पैसे गेलेले होते. परत कोण घेणार? नाइलाजाने ऐकली, दुसऱ्या आठवड्यात एक गाणे बरे वाटले, पाचव्यात तीन, आणि सहामाही परीक्षा येईपर्यंत ती फीत झिजून ओढू लागली. बुडीत खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घेऊ नये, असे मी वर्गात शिकवितो. ते खरेच आहे. पण त्या बुडालेल्या खर्चानेच माझ्या कानांना नवे भांडवल उभारण्यास अवधी दिला, हेही मला कबूल केले पाहिजे.

आज तो अवधी उरलेला नाही. महिन्याची वर्गणी भरली की साऱ्या जगाचे संगीत खिशात. एक गाणे सोडण्यास दमडीही पडत नाही. स्पॉटिफायसारख्या सेवेत गाणे तीस सेकंद वाजले की ते 'ऐकले' असे मोजले जाते. तीस सेकंदांत पेडल स्टीलचा एक सूर धड वाकत नाही! 2024 पासून तर तेथे वर्षभरात हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास स्वामित्वधनच मिळत नाही. अशा व्यवस्थेत बदललेल्या बँडवर रुसलेला रसिक ओरडत नाही, कॅसेट आपटीत नाही, पत्र लिहीत नाही; तो अंगठा हलवितो व पुढच्या गाण्याकडे जातो. हर्शमनच्या भाषेत, मालमोटार प्रत्येकाच्या दाराशी उभी आहे. बँडला कळते ते एवढेच, की आकडा खाली आला. तो नव्या वाद्यामुळे आला, की गाणे खरोखरीच सुमार होते म्हणून, की कोणी 'कुणाच्या मुळांकडे?' असे विचारून उठून गेला, हे आकड्यातून उमगत नाही. आणि आकड्याला भिऊन बँड जुन्या वळणावर परतला, तर रसिकाच्या हाती येते ते जुन्याच मालाचे पुन्हा बांधलेले पुडके.

विल्कोने या बाबतीत एक वेगळी सोय केलेली दिसते. 2011 पासून त्यांची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी आहे आणि 2010 पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थ अ‍ॅडम्स येथे, जुन्या गिरणीच्या इमारतींत थाटलेल्या कलासंग्रहालयात, ते आपला संगीतमेळा भरवितात. 2013 साली तेथे एका रात्रीचा कार्यक्रम श्रोत्यांच्या मागणीनुसार झाला. 27 मे 2022 रोजी असाच मेळा सुरू झाला त्याच दिवशी 'क्रुएल कंट्री' ही त्यांची एकवीस गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली: सहाही वादक शिकागोच्या एका खोलीत एकत्र बसून वाजवीत आहेत, आणि ज्या कंट्रीचे नाव घ्यावयास हा बँड पंचवीस वर्षे कचरत होता ते नाव थेट मुखपृष्ठावर. नावात श्लेष आहे, कारण कंट्री म्हणजे देशही. जे 2002 मध्ये रुसून गेले होते त्यांतील काही परतले असतील. आणि जे 2002 मध्ये आले होते त्यांतील काहींनी तोंड फिरविले असेल. तेवढ्यात 2023 च्या सप्टेंबरात केट ले बॉन या वेल्सच्या संगीतकर्त्रीच्या देखरेखीखाली 'कझिन' ही तिरकस, धातूच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका आली आणि पुन्हा सारे बिनसले.

माझ्या विद्यार्थ्याला मी हर्शमन वाचावयास दिला नाही; परीक्षा तोंडावर होती. एवढेच म्हटले, "अरे, आवडले नाही ना? मग दहा वेळा ऐक आणि काय आवडले नाही ते मला नीट सांग." पंधरा दिवसांनी तो आला. दोन गाणी बरी आहेत, असे त्याने प्रथम मोठ्या नाखुशीने कबूल केले. उरलेल्या आठांत फिडलवाला सगळीकडे एकच तान घोळवितो, बॅन्जो केवळ शोभेला ठेवला आहे, आणि शब्दांत तर दुष्काळ, शेत आणि आगगाडी यांखेरीज काही नाही, ही यांची आगगाडी हे कधी चढले तरी होते काय, असे तो सांगत सुटला. मी एका गाण्याची बाजू घेतली. त्याने ती खोडून काढली. अर्ध्या तासाने शिपाई खोलीला कुलूप लावावयास आला तेव्हा आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. त्याची सव्वापाचची बस चुकली.